पाच स्पीकर, दोन कान आणि सहा मिलिसेकंद

होम थिएटर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो तो ‘किती वॉटचं?’ खोक्यावरचा आकडा जितका मोठा, तितका आवाज आपल्याला चहूबाजूंनी वेढणार, असा समज. पण वॉट दुप्पट केले तर आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. (खोक्यावर ‘पीएमपीओ’ लिहिलं असेल तर तो आकडा सोडूनच द्यावा. तो मोजायची प्रमाणित पद्धतच नाही. पाहायचे ते आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॉट.) आणि एवढे वॉट आणले तरी पडद्यावरची मोटार आपल्या मागून गेल्यासारखी वाटेलच असं नाही. दिशेच्या जाणिवेत वॉटपेक्षा वेळेचा वाटा फार मोठा आहे.

२० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डोक्याला वळसा घालून डाव्या कानाला थोडा नंतर. हा उशीर जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. मेंदू मात्र अगदी १० मायक्रोसेकंदांचा फरकही टिपू शकतो! कमी वारंवारतेच्या आवाजाची दिशा आपण या फरकावरून ओळखतो आणि जास्त वारंवारतेच्या आवाजाची दिशा डोक्याआड गेलेल्या कानाला तो किती मंद ऐकू येतो यावरून, असं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये मांडलं. दोन्हींमधली सीमा साधारण १५०० हर्ट्झ. ८० हर्ट्झच्या खाली तरंगलांबी ४ मीटरच्याही पुढे जाते. एवढ्या लांब लाटेपुढे आपलं डोकं अगदीच चिमुकलं, त्यामुळे बंद खोलीत तिची दिशा जवळजवळ कळतच नाही. म्हणून ५.१ संचात (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) खर्जाचा स्पीकर, म्हणजे सबवूफर, एकच पुरतो आणि बाकीचे पाच स्पीकर लहान असले तरी चालतात. स्वस्त संच शक्य होतात ते कानाच्या या मर्यादेमुळेच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यापुढचं. खोलीत एकच आवाज थेट येतो, भिंतीवरून येतो, छतावरून येतो. खरं तर तो दहा दिशांनी ऐकू यायला हवा. पण आपल्याला एकच आवाज, एकाच दिशेने आल्यासारखा जाणवतो. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ मध्ये या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास मांडला. तोच आवाज दुसऱ्या स्पीकरमधून सुमारे ५ ते ३० मिलिसेकंद उशिरा आला तर मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि दिशा ठरवतो आधी आलेल्याची. दुसरा आवाज १० डेसिबलपर्यंत मोठा असला तरीही! १० डेसिबल म्हणजे दहापट वॉट. काही मिलिसेकंद आधी पोचलेला आवाज दहापट ताकदीच्या आवाजावर मात करतो.

आता हे आपल्या खोलीला लावून पाहू. समोरचे स्पीकर आपल्यापासून ३ मीटरवर आहेत आणि मागचे १ मीटरवर. फरक २ मीटरचा, म्हणजे सुमारे ६ मिलिसेकंदांचा. पाऊस, गर्दीचा गलका, सभागृहातला घुमारा असे आवाज पुढच्या आणि मागच्या दोन्ही स्पीकरमध्ये मिसळलेले असतात. ते मागून आधी पोचले की सगळं दृश्य पाठीमागे ओढलं जातं. उपाय फुकटचा आहे. बऱ्याच संचांच्या सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचं ‘अंतर’ भरायची सोय असते. आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर टेप धरून मोजायचं आणि ते आकडे भरायचे. मागच्या स्पीकरना ६ मिलिसेकंद उशीर लावण्याचं काम संच करतो. जुन्या डॉल्बी प्रो लॉजिकमध्ये (दोन चॅनलमधून मागचा आवाज वेगळा काढणारं तंत्र) तर मागच्या आवाजाला मुद्दाम १५ ते ३० मिलिसेकंद थांबवत, म्हणजे चुकून मागे झिरपलेले संवादही पडद्याकडूनच ऐकू येत.

मधला स्पीकर का लागतो, तेही इथेच कळतं. दोनच स्पीकर असतील तर संवाद मधून आल्याचा भास होतो, पण फक्त बरोबर मध्ये बसणाऱ्याला. जरा बाजूला सरकलं आणि दोन अंतरांत ३४ सेंटिमीटरचा फरक पडला, की पात्राचा आवाज जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. पैसे कमी असतील तर मागचे दोन स्पीकर नंतर घ्यावेत, पण मधला सोडू नये. मागचे स्पीकर घेतलेच तर अगदी पाठीमागे ठेवण्यापेक्षा समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे बाजूला आणि किंचित मागे ठेवावेत. ‘व्हर्च्युअल सराउंड’वाले साउंडबार कानाच्या पाळीमुळे आवाजात होणारा, दिशा सांगणारा बदल गणिताने उभा करतात; पण पाळी प्रत्येकाची वेगळी, म्हणून अनुभवही वेगळा.

जोडणी करताना पुष्कळदा सगळी मेहनत वाया जाते. ज्या ‘५.१’ संचाला फक्त ब्लूटूथ किंवा हेडफोनसारखी पिन आहे, तो टीव्हीकडून दोनच चॅनल (आवाजाचे स्वतंत्र प्रवाह) घेतो आणि पाच स्पीकरवर वाटतो. ऑप्टिकल किंवा एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच संचाकडे आणणारी सोय) आणि डॉल्बी डिजिटल (दाबून पाठवलेला अनेक चॅनलचा आवाज) उलगडणारा डिकोडर आहे ना, हे विकत घेण्याआधी पाहावं. ऑप्टिकल केबल दोन चॅनलचं साधं पीसीएम, म्हणजे न दाबलेला डिजिटल आवाज, नेते, तो प्रवाह सेकंदाला सुमारे १.५ मेगाबिटचा. तशाच सहा चॅनलना सुमारे ४.६ मेगाबिट लागतील, पण या जोडणीच्या साच्यात साध्या पीसीएमच्या दोनच चॅनलची सोय आहे. डॉल्बी डिजिटल मात्र सहाही चॅनल जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये दाबून बसवतं. म्हणून टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ (दाबलेला आवाज तसाच पुढे पाठवणं) किंवा ‘ऑटो’ निवडायचं. एचडीएमआय केबल ‘एआरसी’ लिहिलेल्या खाचेतच लावायची. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने आवाज ‘ऊबदार’ होतो ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. पोचलेले शून्य आणि एक तेच असतील तर आवाजही तोच.

स्पीकरच्या तारा जोडताना अधिक-उणे नीट पाहावं. समोरच्या दोनपैकी एकाची तार उलटी लागली तर एका स्पीकरचा थरथरणारा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो, खर्जाचे आवाज एकमेकांना खोडून काढतात आणि मधून येणारा आवाज विरघळल्यासारखा होतो. अशा वेळी संच दुरुस्तीला नेण्याआधी त्या तारेची टोकं अदलाबदल करून ऐकावं.