पार्श्वभूमी : दांडगा जियान निवळला कसा

नागपुरात तान्ह्या पोळ्याला ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ असा गजर करीत मारबती, म्हणजे वाइटाचे प्रतीक असलेले पुतळे, मिरवतात आणि शेवटी जाळून टाकतात. 1880 च्या दशकापासून वाइटाची वासलात अशी लावणाऱ्या या शहरात मे महिन्याच्या दुपारी, पारा 45 च्या आसपास असताना, वाळ्याची ताटी लावलेल्या कूलरसमोर बसून ‘डोरेमॉन’ ही जपानी कार्टून मालिका हिंदीत पाहणाऱ्या पोट्ट्यांनी मात्र एका खलनायकाला घरात कायमची जागा दिली. रिमोट बळकावणारा थोरला भाऊ म्हणजे ‘जियान’, हे त्यांना समजावून सांगावे लागत नाही.

जियानचे खरे नाव ताकेशी गोदा. ‘जायंट’ या शब्दावरून त्याला हे टोपणनाव पडले. पुढे फुजिको एफ. फुजिओ या नावाने ओळखले गेलेले हिरोशी फुजिमोतो यांची ‘डोरेमॉन’ ही चित्रकथा शोगाकुकान प्रकाशनाच्या बालमासिकांच्या जानेवारी 1970 च्या अंकांत सुरू झाली. पहिल्याच कथेत भविष्यातून आलेला मांजररूपी यंत्रमानव डोरेमॉन नोबिता या शाळकरी मुलाच्या घरी येतो, नोबिताला त्याच्या भविष्याची छायाचित्रे पाहायला मिळतात आणि त्यांत नोबिताची बायको असते जियानची धाकटी बहीण. रोज मार देणारा मुलगा जन्मभराचा मेहुणा होणार, हे संकट टाळण्याची धडपड हाच मालिकेचा आरंभ आहे. (मराठी वाचकाला या धास्तीचे वजन सांगायला नको.)

‘तुझे ते माझे आणि माझे तेही माझेच’ हे जियानचे तत्त्वज्ञान जपानमध्ये म्हणीसारखे रुळले आहे. छोट्या कथेची गरजच अशी होती की त्याने खेळणे हिसकावल्याशिवाय नोबिता रडत घरी जाणार नाही आणि डोरेमॉनच्या खिशातून यंत्र निघणार नाही. त्यामुळे एका भागात तो थोडा वरमला तरी पुढच्या भागात पूर्वपदावर येणे भागच असे. तरीही फुजिमोतो यांनी त्याला हळव्या जागा ठेवल्या. मोकळ्या मैदानातल्या सिमेंटच्या पाइपांपुढे सर्वांना बळजबरीने गाणे ऐकवणारा हा दादा, किराणा दुकान चालवणारी आई दिसताच गोगलगाय होतो आणि चित्रकथा काढणाऱ्या बहिणीसाठी वाटेल ते करतो.

1980 पासून निघू लागलेल्या चित्रपटांत दीर्घ कथानकामुळे त्याला मित्रासाठी जीव धोक्यात घालण्याची संधी मिळाली आणि ‘चित्रपटातला जियान’ हा जपानी प्रेक्षकांच्या बोलण्यातला वेगळा प्रकारच झाला. 2014 च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’मध्ये नोबिताच्या लग्नाच्या आदल्या रात्री जमलेल्या जुन्या मित्रांत मोठा झालेला जियानही असतो, अंगापिंडाने तसाच दणकट, पण आता मेहुणा नव्हे, दोस्त. माझ्या मते हे हृदयपरिवर्तन नव्हे. पश्चात्तापाचा एखादा मोठा प्रसंग लेखकाने त्याच्यासाठी रचलेला नाही. वय वाढले आणि दांडगाई करण्याचे कारण उरले नाही, इतकेच.

पुरता सज्जन जियान लेखकाने एकदा काढला, तोही थट्टेसाठी. लाकूडतोड्याच्या गोष्टीवर बेतलेल्या कथेत तो झऱ्यात पडतो, देवी वर येऊन चमकत्या डोळ्यांचा, स्वच्छ, सालस जियान पुढे करते आणि ‘आमचा असा नाही’ असे खरे उत्तर मिळताच प्रामाणिकपणाचे बक्षीस म्हणून तोच देऊन टाकते. खरा जियान पाण्याखालीच राहतो. पुढच्या कथांत मात्र पाइपांपुढे गायला पुन्हा तोच जुना जियान हजर असतो.