लाईट बिल कमी करणारं सोलर वेगळं, लाईट गेल्यावर चालणारं सोलर वेगळं

बदलापूर, टिटवाळा, वसई-विरारचा पूर्वेकडचा भाग, नेरळ, शहापूर. धड शहरही नाही आणि धड गावही नाही अशा मुंबईबाहेरच्या या पट्ट्यात सध्या सोसायटीच्या मीटिंगपासून ग्रामसभेपर्यंत सोलरचा विषय निघतो, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी तोच घोळ ऐकू येतो. पॅनल बसतात, नेट मीटर लागतो, बिल उतरतं, सगळे खूश. मग जूनमध्ये लाईनवर झाड पडतं, फीडर (सबस्टेशनमधून आपल्या भागाला वीज आणणारी लाईन) बंद होतो आणि छतावर चांगलं ऊन असताना घरातला पंखा थांबतो. लगेच ओरड सुरू होते की सोलरवाल्याने फसवलं. बहुतेक वेळा यंत्रणेत काहीही बिघडलेलं नसतं. लोकांना हवं असतं एक आणि मागवलेलं असतं दुसरं.

नेट मीटरिंग आता बहुतेकांना तोंडपाठ आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. दिवसा जादा झालेली वीज ग्रिडला, म्हणजे महावितरणच्या वीजजाळ्याला, द्यायची, रात्री परत घ्यायची, बिल फरकाचं येतं. १ किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट मोकळं छत लागतं आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास मिळतात. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरासाठी पहिल्या २ किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,००० आणि जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. हे अनुदान ग्रिडला जोडलेल्या सोलरसाठी आहे. बॅटरी ज्याने त्याने आपल्या खिशातून घ्यायची.

आता मूळ मुद्दा. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारं यंत्र, स्वतःची वीज स्वतः उभी करत नाही. महावितरणच्या तारेतला दाब (व्होल्टेज) आणि ५० हर्ट्झची लय बघून तो तिच्यात आपली वीज मिसळतो. तारेत काही नसेल तर मिसळणार कशात? शिवाय ग्रिड गेल्यावर साधारण २ सेकंदांच्या आत त्याने बंद व्हायचं, ही सुरक्षेची अट आहे. तो चालू राहिला तर घरातली २३० व्होल्टची वीज उलटी डीपीत (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) जाईल, डीपी ती चढवून ११ हजार व्होल्टच्या लाईनवर पाठवेल, आणि लाईन बंद आहे या भरवशावर खांबावर चढलेल्या लाईनमनचा त्यात जीव जाईल. इन्व्हर्टरवाल्याला पैसे देऊन ही सोय काढून टाका असं सांगणारे लोक मला भेटले आहेत. असं कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, तेव्हा आयलँडिंग हा शब्द सगळ्यांच्या कानावर पडला. बाहेरचं ग्रिड कोसळलं तर शहराने त्यापासून तुटून, बेटासारखं आपल्या वीजनिर्मितीवर चालत राहायचं, अशी ती व्यवस्था होती. मोठाली जनित्रं हाताशी असूनही त्या दिवशी ती टिकली नाही. ढग आला की निम्मं होणारं छतावरचं ३ किलोवॅट बॅटरीशिवाय घराचं बेट कसं चालवेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

मग हा गैरसमज याच पट्ट्यात इतका का? कारण इथे लोकांच्या डोळ्यांसमोर लाईट नसताना चालणारं सोलर रोज असतं. शेजारच्या शेतातला सरकारी योजनेतला सोलर पंप फीडर बंद असतानाही पाणी ओढतो. ग्रामपंचायतीच्या रस्त्यावरचा सोलर दिवा अख्खं गाव अंधारात असताना पेटतो. माणूस साहजिकच म्हणतो, त्यांचं चालतं तर माझं का नाही? पण त्या पंपाचे पॅनल थेट कंट्रोलरला आणि कंट्रोलर मोटरला जोडलेला असतो. ऊन कमी झालं तर मोटर हळू फिरते, पाणी कमी येतं, कुणाचं बिघडत नाही. दिव्याच्या खांबावर त्याची स्वतःची बॅटरी असते. दोघांचाही महावितरणच्या तारेशी काही संबंध नाही. दादर-परळच्या माणसाला हा प्रश्नच पडत नाही. तिथे केबल बऱ्याच अंशी जमिनीखाली आहेत आणि लाईट क्वचित जाते. त्याच्यासाठी सोलर म्हणजे फक्त बिल. त्याच्या सोसायटीचा आराखडा उचलून जसाच्या तसा वांगणीत आणला की फसगत होते.

यातला एक तोटा सहसा कुणी मोजत नाही. दिवसा ३ तास लाईट गेली तर ग्रिडवरच्या सोलरचं त्या ३ तासांचं उत्पादन बुडालं, ते कुठे साठून राहत नाही. म्हणजे जिथे लाईट जास्त जाते तिथे बिलही कागदावर दाखवलं होतं तितकं उतरत नाही. घर गावठाण फीडरवर आहे की शेतीच्या, हे सोलर घेण्याआधी वायरमनला विचारून घ्या. शेतीच्या फीडरला दिवसाचे ठरावीकच तास वीज मिळत असेल तर बिलाचं सगळं गणित बदलतं.

बिलाचा प्रश्न महिन्याच्या युनिटमध्ये मोजायचा आणि लाईट जाण्याचा प्रश्न तासांमध्ये. ९ वॅटचे ४ दिवे, ७५ वॅटचे २ पंखे आणि वायफाय मिळून २०० वॅटच्या आसपास होतात, ५ तासांचं १ युनिट. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी कागदावर १.८ युनिटची असते, पण ती निम्मीच वापरायची म्हटली तर हेच भागवताना तिची दमछाक होते. पंखे ३० वॅटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावले तर तीच बॅटरी ७-८ तास काढते. यात सोलर कुठेच आलेलं नाही, हे लक्षात घ्या. लाईट सर्वात जास्त जाते पावसाळ्यात आणि सोलर सर्वात कमी देतं तेही पावसाळ्यात, म्हणून ती बॅटरी बहुतेक वेळा ग्रिडवरच भरणार. माझं मत पक्कं आहे: साध्या घराने बिलासाठी लहान ग्रिडवालं सोलर आणि अंधारासाठी वेगळा इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी. हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं सोलर, दवाखान्याला, शीतपेटी ठेवणाऱ्या दुकानाला शोभतं.

त्या हायब्रिड शब्दावर माझा राग आहे. कोटेशनवर तो ठळक छापलेला असतो आणि बॅटरीची ओळ नसते. तिथे बॅटरी पुढे कधीतरी लावता येईल, एवढाच त्याचा अर्थ. विक्रेत्याकडून लिहून घ्या: लाईट गेल्यावर कोणते पॉइंट चालतील, किती वॅटपर्यंत, किती तास. ज्याला हे लिहून देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

ज्या सोसायट्यांत डिझेल जनरेटर आहे त्यांनी एक गोष्ट नक्की बघावी. जनरेटर सुरू झाला की सोलर इन्व्हर्टरला तेच ग्रिड वाटतं आणि तोही सुरू होतो. इमारतीचा वापर कमी असेल तर जादा वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते. मध्ये ती रोखणारा कंट्रोलर हवा, नाहीतर जनरेटर चालू असताना सोलर बंद राहील असं इंटरलॉक हवं.

ग्रामपंचायतींच्या आराखड्यात मात्र सरसकट ‘कार्यालयावर ५ किलोवॅट सोलर’ अशी एक ओळ असते. कार्यालयाचं बिल मुळात किती? गावाचा खरा त्रास नळपाणी योजनेच्या मोटरचा असतो. ५ एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट, त्यात सुरू होताना ती याच्या कितीतरी पट करंट ओढते. तिला बॅटरीवर चालवायचा हट्ट धरू नये. टाकी मोठी बांधावी, ऊन किंवा लाईट असेल तेव्हा भरून घ्यावी, पाणी साठवणं वीज साठवण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. बॅटरी आरोग्य उपकेंद्राच्या दिव्यांना आणि प्रसूतीच्या खोलीला द्यावी. आधी सबस्टेशनमधून आपल्या फीडरची वर्षभराची नोंद मागावी, लाईट कोणत्या महिन्यात, किती वाजता, किती वेळ गेली याची. आणि पॅनल २५ वर्षं टिकतात पण लेड-अ‍ॅसिड बॅटरी ४-५ वर्षांत बदलावी लागते, तेव्हा तिच्या बदलीचे पैसे पहिल्याच वर्षापासून अंदाजपत्रकात वेगळे दाखवावेत.