आंतरराष्ट्रीय प्राच्यविद्या परिषद

आशिया व उत्तर आफ्रिका येथील भाषा, ग्रंथ, धर्म व पुरावशेष यांच्या अभ्यासकांची, निरनिराळ्या शहरांत भरणारी परिषद. पुण्यात १९१९ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद वेगळी.

पहिले अधिवेशन पॅरिसला १८७३ मध्ये, जपानीचे अभ्यासक लेआँ द रोनी यांच्या पुढाकाराने भरले. अधिवेशनांच्या क्रमांकांत एक जुना घोळ आहे. स्टॉकहोम-ख्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) येथील आठव्या अधिवेशनानंतर (१८८९) विद्वानांत फूट पडली व लंडनमध्ये दोन ‘नववी’ अधिवेशने झाली : प्राच्यविद्यापंडित लाइटनर यांच्या गटाचे १८९१ मध्ये आणि माक्स म्यूलर यांच्या अध्यक्षतेखालचे १८९२ मध्ये. जिनीव्हाचे (१८९४) अधिवेशन दहावे मानले जाते; त्यामुळे दोहोंपैकी एकच मोजावे लागते. येथे १८९२ चे धरले आहे.

रा. गो. भांडारकर यांनी लंडनच्या दुसऱ्या अधिवेशनासाठी (१८७४) नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. व्हिएन्नाला (१८८६) ते स्वतः गेले, पण मुंबई सरकारचे प्रतिनिधी म्हणून. १९०५ चे अधिवेशन अल्जीअर्सला, म्हणजे फ्रेंच वसाहतीतच भरले. ज्यांच्या ग्रंथांवर चर्चा चाले, त्या देशांतले विद्वान सभागृहात थोडेच असत.

या देवाणघेवाणीचे ठळक फळ महाभारताची चिकित्सक आवृत्ती होय. संस्कृतचे अभ्यासक व्हिंटरनिट्स यांनी १८९७ च्या पॅरिस अधिवेशनात तिचा आग्रह धरला. जर्मन संस्कृतज्ञ ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये नमुना छापला. महायुद्धामुळे काम थांबले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ते १९१९ मध्ये हाती घेतले. १९२५ पासून संपादक असलेले वि. सी. सुकथनकर बर्लिनला ल्यूडर्स यांच्या हाताखाली शिकलेले होते. चौकटी आखलेल्या कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका घरात लिहीत आणि खाली प्रत्येक पोथीतला पाठभेद त्या त्या अक्षराखाली नोंदवीत. १९६६ पर्यंत १,२५९ हस्तलिखिते अशी ताडून झाली. पद्धत जर्मन, पोथ्या बहुतांशी इथल्या आणि निर्णय पुण्यातला, असे हे काम आहे. त्याला निव्वळ पाश्चात्त्य उसनवारी म्हणणे पटत नाही.

परिषद १९६४ मध्ये नवी दिल्लीला भरली. त्याच्या आदल्या वर्षी इजिप्शियन विचारवंत अन्वर अब्देल-मलेक यांनी प्राच्यविद्या संकटात असल्याचे प्रतिपादन केले होते. पॅरिसच्या शतकपूर्ती अधिवेशनात (१९७३) नावातून ‘प्राच्यविद्या’ शब्द वगळला गेला. पाश्चात्त्यांच्या पूर्वेकडे पाहण्याच्या दृष्टीवर टीका करणारा एडवर्ड सैद यांचा ‘ओरिएंटॅलिझम’ हा ग्रंथ त्यानंतर पाच वर्षांनी आला. नामांतराचे श्रेय त्या ग्रंथाला देता येत नाही. इतिहासकार बर्नार्ड लुईस यांच्या मते नावातला हा जुना शब्द ढोबळ व बदनामही झाला होता. निर्वसाहतीकरणाचा रेटा अधिक निर्णायक होता, असे दुसरे मत; ते अधिक ग्राह्य वाटते. लुईस यांच्याच सांगण्यानुसार, जुन्या नावाची बाजू लढविणारे बोबोजान गफुरोव हे सोव्हिएत ताजिकिस्तानचे, म्हणजे स्वतः ‘प्राच्य’ होते. मराठीत हा पेच तितकासा जाणवत नाही. इथे विद्येला ‘प्राच्यविद्या’ व सैद यांनी टीका केलेल्या दृष्टीला ‘प्राच्यवाद’ असे दोन शब्द रूढ आहेत. पुण्याच्या संस्थेने नाव बदललेले नाही.

पुढील अधिवेशनांत मेक्सिको सिटी (१९७६), टोकियो-क्योटो (१९८३), हाँगकाँग (१९९३) व अंकारा (२००७) येथील अधिवेशने येतात.