जनगणनेतील ‘घर’ आणि ‘कुटुंब’

2011 च्या जनगणनेत भारतात सुमारे 33 कोटी घरे आणि सुमारे 24.7 कोटी कुटुंबे नोंदली गेली. या दोन आकड्यांची वजाबाकी करून देशात आठ कोटींहून अधिक घरे जास्तीची आहेत, असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो पूर्णपणे चुकीचा आहे, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या गोष्टी मोजतात.

जनगणनेच्या लेखी घर म्हणजे रस्ता, सामाईक अंगण किंवा जिना यांच्याकडून स्वतंत्र मुख्य प्रवेशद्वार असलेली इमारत किंवा तिचा भाग, मग तेथे कोणी राहत असो वा नसो. त्यामुळे दुकान, शाळा, दवाखाना, कारखाना, देऊळ ही सारी ‘घरे’च ठरतात. त्या 33 कोटींपैकी सुमारे 2.5 कोटी घरे रिकामी होती, आणि वापरात असलेल्यांपैकी सुमारे 6 कोटींचा वापर राहण्यासाठी होतच नव्हता. वजाबाकीतला सगळा फुगवटा येथेच संपतो.

कुटुंबाची कसोटी दाराची नसून चुलीची आहे. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातले अन्न खाणाऱ्या व्यक्ती मिळून एक कुटुंब होते. रक्ताचे नाते असण्याची अट नाही. पुण्यात एका सदनिकेत राहून एकत्र स्वयंपाक करणारी, एकमेकांची नातलग नसलेली चार मुले हे एक कुटुंब आहे, तर एकाच दारातून ये-जा करणारे पण चुली वेगळ्या झालेले दोन सख्खे भाऊ ही दोन कुटुंबे आहेत. उलट, गावाकडे एकाच कुंपणात राहते घर, स्वयंपाकाची खोली आणि न्हाणीघर सुटे बांधलेले असले, आणि ते सारे एकाच कुटुंबाच्या वापरात असले, तर प्रगणक ते एकच घर धरतो. वसतिगृहे, आश्रम, तुरुंग यांची नोंद संस्थात्मक कुटुंबे म्हणून वेगळी होते.

हा भेद सर्वांत जास्त बोचतो तो शहरी घरटंचाईच्या चर्चेत. 2011 मध्ये शहरांत सुमारे 1.11 कोटी घरे रिकामी होती. 2012 मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने मात्र शहरी घरांची तूट 1.88 कोटी असल्याचा अंदाज दिला. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. तुटीतला सुमारे 1.5 कोटींचा वाटा दाटीचा होता, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे, पण घरातल्या जोडप्याला स्वतंत्र खोली नाही, अशा कुटुंबांचा. या कुटुंबांची अडचण घरांची संख्या मोजून कधीच दिसणार नाही, आणि मुंबईतले बंद फ्लॅट मोजल्याने ती सुटतही नाही, कारण ते फ्लॅट त्यांना परवडणारे नाहीत.

म्हणून कोष्टक वाचताना त्याचा छेद, म्हणजे त्यातली टक्केवारी घरांची आहे की कुटुंबांची, हे आधी पाहावे. छप्पर आणि भिंतींच्या साहित्याची कोष्टके घरांवर बेतलेली असतात. खोल्या, पाणी, शौचालय यांची कुटुंबांवर. 2011 मध्ये 46.9 टक्के कुटुंबांच्या आवारात शौचालय होते, याचा अर्थ तितकी शौचालये होती असा होत नाही: एका वाड्यातल्या तीन बिऱ्हाडांचे सामाईक शौचालय त्या आकड्यात तीनदा आलेले असते.