‘आमच्या हद्दीत येत नाही’ : मुंबईत बाहेरून आलेल्या बायका आणि घरातला मार

निर्वासित म्हटलं की जुन्या मुंबईकराला अजून उल्हासनगर आठवतं, नाहीतर चेंबूरचा कॅम्प. फाळणीनंतर १९४९ साली बायकांसाठी कायदा झाला तो पळवून नेलेल्यांना शोधून परत पाठवण्याचा. नवऱ्याच्या हातचा मार त्यात कुठेच नव्हता. गिरणगावची कथा त्याच्याही आधीची. गडी मुंबईत खानावळीत जेवायचा, खोलीत पाळीपाळीने झोपायचा आणि बायको कोकणात किंवा घाटावर सासूच्या हाताखाली. छळ गावात, कमाई मुंबईत. पुढे बांधकामाच्या साइटवर, झोपडपट्टीत अख्खी कुटुंबं येऊ लागली आणि मारही मुंबईत आला.

नवऱ्याने किंवा सासरच्यांनी बायकोचा छळ करणं हा गुन्हा ठरवणारं ४९८-अ कलम १९८३चं. त्याच्या पुढच्याच वर्षी समाजकार्य शिकवणाऱ्या मुंबईतल्या एका संस्थेने थेट पोलीस आयुक्तालयात बायकांसाठी कक्ष उघडला. वर्दी नसलेली, पगारी, प्रशिक्षित बाई पोलिसांच्याच इमारतीत बसून ऐकून घेणार, ही त्या काळी मोठी गोष्ट होती. २०००च्या सुमारास वांद्र्याच्या पालिका रुग्णालयात समुपदेशन केंद्र सुरू झालं. बाई केसपेपर काढून ‘पडले’ म्हणत टाके घालायला येते, तिथेच तिच्याशी बोलायचं, हा त्यामागचा विचार. या दोन्ही कामांचं मोल फार आहे. पण बाहेरून आलेली बाई अडायची ती वेगळ्याच ठिकाणी, ‘हद्द’ या एका शब्दावर.

मानखुर्दच्या एका वस्तीतली बाई डोळ्यांसमोर आहे. सासर जौनपूरकडचं. तिथे जाळायचा प्रयत्न झाला म्हणून ती तान्ह्या मुलीला घेऊन रेल्वेने मुंबईला आली, गावच्याच एका बाईकडे. मानलेली बहीण. चौकीत तिने प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं. पत्ता जौनपूरचा. हवालदाराने ते उलटंपालटं करून परत दिलं : ‘बाई, घटना तिकडची. आमच्या हद्दीत येत नाही.’ तो उद्धट नव्हता. त्याला तसंच शिकवलेलं होतं.

हे शिकवणं कुठून आलं तेही सांगायला हवं. गुन्हा जिथे घडतो तिथलंच न्यायालय, हा फौजदारी प्रक्रियेचा जुना नियम. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो ४९८-अ ला कडकपणे लावला : बायको दुसऱ्या शहरात निघून आली आणि तिथे नवं काही घडलं नाही, तर तिथे खटला चालणार नाही. काही निकाल याच्या उलटही लागले, पण चौकीत पोचला तो हाच. माहेर दोन स्टेशनांवर असलेल्या बाईला यातून वाट काढता येत होती. जिचं सासर दीड हजार किलोमीटरवर, तिला याचा अर्थ एवढाच की ज्यांनी मारलं त्यांच्याच गावी जाऊन तक्रार कर. तान्हं मूल घेऊन, तारखेला तारीख. मला हा निकाल तेव्हाही पटला नव्हता. मार अंगावरून उतरतो म्हणून मनावरूनही उतरतो, असं त्यात गृहीत धरलं होतं.

परस्परविरोधी निकालांमुळे प्रश्न तीन न्यायमूर्तींपुढे गेला आणि ९ एप्रिल २०१९ रोजी निकाल फिरला. छळाचे परिणाम बाई जिथे आसरा घेते तिथेही भोगते, म्हणून तिथल्या न्यायालयालाही अधिकार आहे. यातला ‘आसरा’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. मानलेल्या बहिणीची खोलीसुद्धा त्यात बसू शकते. आणि १ जुलै २०२४ पासून नव्या फौजदारी कायद्यात हद्दीबाहेरच्या गुन्ह्याचीही फिर्याद नोंदवून घेणं पोलिसांना बंधनकारक आहे.

कौटुंबिक हिंसाचाराचा २००५चा कायदा या बाबतीत मुळातच उदार होता. बाई ‘तात्पुरती’ राहते तिथेही अर्ज चालतो, हे त्याच्या कलम २७ मध्ये पहिल्यापासून लिहिलेलं आहे. अडचण आली घराची. कायदा २६ ऑक्टोबर २००६ला लागू झाला आणि दोन महिन्यांच्या आत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की घर नवऱ्याच्या मालकीचं, भाड्याचं किंवा एकत्र कुटुंबाचं असेल तरच बायकोला त्यात राहण्याचा हक्क. खोली सासूच्या नावावर असली की संपलं. हा अर्थ २०२० मध्ये रद्द झाला, पण मधली चौदा वर्षं गेलीच. साइटवर पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईला तर यातलं काहीच लागू पडत नाही, कारण खोली ठेकेदाराची आणि काम संपलं की खोलीही गेली. तिच्यासाठी कामाचं कलम १९ : दुसऱ्या घराची सोय कर नाहीतर भाडं दे, असा आदेश न्यायालय नवऱ्याला देऊ शकतं. वस्तीत हे फार थोड्या बायकांना माहीत आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात घर नवरा-बायको दोघांच्या नावे होतं ही चांगली गोष्ट, पण पात्रतेच्या तारखेनंतर आलेल्यांना तीही नाही.

परदेशातून आलेल्या बायकांचं दुखणं याहून खोल आहे. १९५१च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. अफगाण किंवा रोहिंग्या बाईजवळ असलंच तर संयुक्त राष्ट्रांचं एक कार्ड असतं. २००५च्या कायद्यात शब्द आहे ‘कोणतीही स्त्री’; नागरिकत्वाची अट नाही. पण संरक्षण अधिकाऱ्यापर्यंत, म्हणजे याच कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यापर्यंत, जायचं म्हणजे कागद दाखवणं आलं आणि नवऱ्याला नेमकं तेच ठाऊक असतं : ‘जा चौकीत, तुलाच आत टाकतील.’ हल्ली बंगालहून आलेल्या, भारताच्याच नागरिक असलेल्या बायकाही याच भीतीने गप्प बसतात. तोंड उघडलं की बोलीवरून बांगलादेशी ठरवतील, ही धास्ती. पूर्वी बाईला जौनपूरचा पत्ता आडवा यायचा, आता तिची भाषा येते.