चाचणीची लिनक्स टाकताना संशयित आधी बाद करा

लिनक्स ही विंडोजसारखी संगणक चालवणारी मोफत प्रणाली, आणि उबुंटू, फेडोरा, डेबियन या तिच्या जाती. उबुंटू लिनक्सची नवी आवृत्ती दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते आणि तिची बीटा, म्हणजे चाचणी आवृत्ती, त्याच्या काही आठवडे आधी. एप्रिलवाली बीटा नागपुरात पोचते ती पारा चाळिशीकडे निघालेला असताना. भर दुपारी लॅपटॉप अडकला तर दोष नव्या कर्नलचा, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचा, की उन्हाचा? हे सांगता आलं नाही तर चाचणी फुकट गेली. चाचणी आवृत्ती बिघडणार हे धरूनच चालायचं असतं. ती अशी टाकायची की बिघडल्यावर बोट तिच्याकडेच दाखवता यावं आणि आपलं काही जाऊ नये.

पहिला संशयित उतरवलेली फाइल. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीची आयएसओ फाइल, म्हणजे पेन ड्राइव्हवर लिहून जिच्यावरून प्रणाली टाकायची ती, आता 6 जीबीच्या आसपास असते, म्हणून पेन ड्राइव्ह किमान 8 जीबीचा लागतो. फाइलसोबत 64 अक्षरांचा एसएचए-256 आकडा, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा, दिलेला असतो. तो आपल्या फाइलवरून काढून जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल हा आदेश ते काम करतो. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल पुन्हा उतरवायची.

दुसरा संशयित पेन ड्राइव्ह. वर 64 जीबी छापलेलं आणि आत त्याहून कितीतरी लहान चिप, असा नकली माल बाजारात फिरतो. त्यावर जागा संपली की नवीन मजकूर जुन्यावर चढतो आणि लिहिताना तक्रार काहीच येत नाही. म्हणून नागपूरच्या सीताबर्डी बाजारात घ्या की ऑनलाइन, पक्कं बिल घ्या. लिनक्सवरची एफ-थ्री ही अवजारं खरी क्षमता लिहून-वाचून तपासतात. फेडोराच्या सुरुवातीच्या यादीत माध्यम तपासून मग सुरू करण्याचा पर्याय असतो, तोच निवडा. आणि पडद्यावर ‘लिहून झालं’ दिसलं तरी ड्राइव्ह लगेच उपटू नका. शेवटचा भाग अजून रॅममध्येच असू शकतो. आधी सुरक्षितपणे बाहेर काढा.

आता खरी जोखीम, डिस्कची. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे चालू प्रणालीच्या आत प्रोग्रामनं उभ्या केलेल्या नकली संगणकात, 4 जीबी रॅम आणि 25 जीबी जागा देऊन चाचणी होते, पण तिथे खरं वाय-फाय नाही, झाकण मिटल्यावरची झोप नाही, ग्राफिक्स कार्ड नाही. बीटाची खोड निघते ती बहुतेक याच ठिकाणी. सगळ्यात बरं म्हणजे वेगळी एसएसडी, यूएसबीच्या डब्यात बसवलेली. इथे एक जुनी मेख आहे. बाहेरची डिस्क निवडली तरी इन्स्टॉलर कधीकधी बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आतल्या डिस्कच्या ईएफआय विभाजनात (सुरुवातीच्या फाइलींच्या कप्प्यात) ठेवतो. मग बाहेरची डिस्क काढल्यावर संगणक सुरू होतो तो काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ हे त्या बूटलोडरचं नाव तेवढं दाखवून. घाबरायचं कारण नाही. सुरू होताना बूट मेनू उघडून विंडोज बूट मॅनेजर निवडला की विंडोज येतं. पण हे टाळायचं असेल तर टाकण्याआधी आतली डिस्क बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून) बंद करा किंवा सरळ काढून ठेवा.

त्याहीआधी बिटलॉकर, हे विंडोजचं डिस्कचं कुलूप, बघा. अनेक विंडोज 11 लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि सिक्युअर बूटची (सुरू होताना फक्त ओळखीचेच प्रोग्राम चालू देणाऱ्या सोयीची) सेटिंग हलवली की विंडोज 48 अंकी रिकव्हरी की मागतं. ती कागदावर उतरवून घ्या, त्याच लॅपटॉपमधल्या फाइलमध्ये नको. आणि विभाजनं करायला बसताना चार्जर लावलेला असला तरी बॅटरीही भरलेली हवी. डेस्कटॉप असेल तर यूपीएस लागेलच, लाइन काही विचारून जात नाही.

लिनक्सहून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे दिसलं तर तो बीटाचा दोष नव्हे. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. असली तक्रार नोंदवून कोणाचा वेळ खाऊ नका.

उरलं ऊन. एलएम-सेन्सर्स हा प्रोग्राम टाकला की प्रोसेसरचं तापमान दिसतं. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ते 95 ते 100 अंशांपर्यंत चढलं की प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. खोलीच 40 अंशांची असेल तर तिथवर पोचायला फार काम लागत नाही. तेच काम पहाटे सहाला आणि दुपारी दोनला करून बघा. शिवाय जुन्या स्थिर आवृत्तीच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरही, म्हणजे डिस्कवर न टाकता थेट पेन ड्राइव्हवरून चालवून, करा. दोन्हीकडे दुपारीच अडकत असेल तर कर्नल निर्दोष आहे. लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, ती हवा दमट असते.

एवढी मोजदाद कशाला, असं वाटेल. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर एसएसएचनं, म्हणजे दुसऱ्या संगणकावरून सुरक्षितपणे, आत शिरताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं आढळलं. माग काढत तो एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या अवजाराच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांपर्यंत गेला. त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा पेरला होता. उबुंटू 24.04 ची बीटा त्यामुळे 4 एप्रिलवरून 11 एप्रिलवर ढकलली गेली.

दोष सापडला की उबुंटूवर उबुंटू-बग, डेबियनवर रिपोर्टबग ही साधनं यंत्राची माहिती जोडून अर्ज तयार करतात. यंत्र अडकून पुन्हा सुरू करावं लागलं असेल, तर जर्नलसीटीएल या नोंदी दाखवणाऱ्या आदेशाला ‘मागचं बूट’ सांगून त्या वेळच्या नोंदी काढा. एका अर्जात एकच दोष. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दहापैकी किती वेळा झालं.

मराठी माणसानं एक गोष्ट आवर्जून तपासावी, कारण ती दुसरं कोणी फारसं तपासणार नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे शब्द टर्मिनलमध्ये, लेखन-प्रोग्राममध्ये आणि फाइलच्या नावात टाइप करून बघा. ऱ्या तुटून मध्ये पाय मोडलेला र दिसला, तर फॉन्टचं नाव आणि कोणत्या प्रोग्राममध्ये घडलं ते लिहा. सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये त्याच शब्दाचा बरोबर नमुनाही ठेवा, म्हणजे मराठी न येणाऱ्या प्रोग्रामरलाही फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.