अकरा महिन्यांच्या करारालाही नोंदणी लागतेच

‘अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ हा समज महाराष्ट्रातल्या छोट्या घरमालकांना महागात पडतो. त्याचं मूळ 1908 च्या नोंदणी कायद्यात आहे. त्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सक्तीच्या नोंदणीतून सूट आहे. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 55 ती पळवाट ठेवत नाही. लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक काळ घर वापरायची फक्त परवानगी देणारा करार) असो वा भाडेकरार, मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची, चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

खरा फटका वाद झाल्यावर बसतो. नोंदणी नसेल तर भाडं किती, अटी काय, याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलटं सिद्ध करायचं ओझं मालकावर. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल आणि मुदत संपूनही राहणाऱ्याने घर सोडलं नाही, तर मालकाला याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा दाव्यांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते.

खर्च तरी किती? लिव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, एकूण भाडं आणि अनामतीवरचं व्याज यांच्या बेरजेवर. भाडं 20,000, मुदत 11 महिने, परत करायची अनामत 1,00,000 धरा. एकूण भाडं 2,20,000, अनामतीवर वार्षिक 10 टक्क्यांनी व्याज 9,167. त्यावर शुल्क सुमारे 573 रुपये. नोंदणी फी वेगळी. आधार पडताळणीने हे घरबसल्या ऑनलाइन होतं. नावाचं स्पेलिंग आधारप्रमाणेच लिहा, दोन साक्षीदार तयार ठेवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे निराळं काम, तेही उरकून घ्या.